कापसाच्या रकान्यातला फेरकाटा

मी एका मोठ्या बंदरातल्या मालाची आकडेवारी सांभाळते आणि राहते अकोल्यात. हे ऐकलं की माणसं आधी हसतात, मग विचारतात, "अकोल्यात कुठं आलं बंदर?" मी सांगते, "माझ्या टेबलावर." यात फुशारकी आहे हे मला माहीत आहे. पण ती मी कमावलेली आहे, म्हणून कमी करणार नाही.

आमचं ऑफिस जुन्या कॉटन मार्केटजवळ, एका ढेपेच्या दुकानाच्या माडीवर आहे. खाली सरकीच्या ढेपेची थप्पी, वर दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर आणि मार्च संपला की दिवसभर घरघरणारा कूलर. ढेपेचा वास कपड्यांत असा मुरतो की सुरुवातीला शेजारीण मला विचारायची, "ताई, म्हशी घेतल्या काय तुमी?" मी तिला सांगितलं की जहाजं घेतली. तिनं ते गमतीवारी नेलं.

कामाचं स्वरूप सांगायला सोपं आहे. रोज सकाळी बंदरातून याद्या येतात. कोणतं जहाज कोणत्या धक्क्याला लागलं, किती कंटेनर उतरले, किती चढले, कशात काय आहे. जहाजवाला एक आकडा सांगतो, क्रेनवाला दुसरा, फाटकावरचा तिसरा, आणि तिघांनाही आपलाच खरा वाटतो. त्या तिघांना एका ओळीत बसवायचं, मालाचे प्रकार पाडायचे आणि महिना संपला की एक पत्रक तयार करायचं. त्या पत्रकावर बंदराचे साहेब सही करतात आणि ते वर दिल्लीला जातं. नवा धक्का बांधायचा का, क्रेन कुठं कमी पडते, रेल्वेचे डबे किती मागायचे, हे सगळं त्यावरून ठरतं. एखादा आकडा चुकला तर लगेच कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून ती चूक सापडतही नाही. ती पुढच्या सगळ्या पत्रकांत जाऊन बसते.

हे काम अकोल्याला आलं ते तीन महिन्यांच्या चाचणीवर. अट साधी होती. तीन महिन्यांची तीन पत्रकं निर्दोष गेली तर काम इथंच राहणार, नाहीतर परत बंदराकडे. परत गेलं तर ऑफिस बंद आणि आम्ही पाचजण घरी. माझ्यापुरती एक खिडकी उघडी होती. मला तिकडेच घेऊ असं साहेब म्हणाले होते. पण माझे बाबा अकोटला एकटे राहतात. आई गेल्यापासून मी दर रविवारी एस.टी.नं त्यांच्याकडे जाते, दोघांचा स्वयंपाक करते, संध्याकाळच्या गाडीनं परत येते. त्यांना अकोट सोडायचं नाही, आणि सोडा म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हा ती तीन पत्रकं म्हणजे माझे सगळे रविवार होते.

साहेब कोकणातले. आवाज खणखणीत, बोलणं खोचक. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, "बाई, समुद्र पाहिलाय का कधी?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही पऱ्हाटी पाहिलीत का?"

"ते काय असतं?"

"कापसाचं झाड. तुमच्या बंदरातून दरवर्षी गाठीच्या गाठी जातात त्याच्या. न बघता मोजताच ना?"

साहेब खाकरले. मग म्हणाले, "बरं, उद्या याद्या पाठवतो." त्यानंतर ते मला समुद्राबद्दल कधी काही म्हणाले नाहीत. मी अमरावतीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं. तिथं सूत्रं शिकले. पण आकड्याला कसं धरायचं ते मी अकोटच्या बाजार समितीच्या आवारात शिकले, बाबांजवळ.

बाबा तिथं मापारी होते. काट्यावर माल चढला की वजन बघायचं आणि मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं काम. पुकारलं की अडत्याचा दिवाणजी ते वहीत लिहायचा आणि ओरडून उत्तर द्यायचा, "मांडलं!" ते उत्तर येईपर्यंत बाबा काट्यावरून नजर काढायचे नाहीत. सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि कपाशीच्या बोजांवर बसून हा पुकारा ऐकायचे. आणि पुकारण्यात चूक झाली असं बाबांच्या लक्षात आलं, की ते जागेवर उभे राहून दोन्ही हात वर करायचे आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडायचे, "फेर काटा! माई चूक!" मग उतरलेला बोजा हमालांनी पुन्हा उचलायचा, पुन्हा काट्यावर, पुन्हा पुकारा. हमाल वैतागायचे, अडते हसायचे, माल आणलेले कास्तकार घाबरून बघायचे की आपलं काय कमी झालं. बाबांना त्याचं काहीच वाटायचं नाही. मला मात्र लाज वाटायची. बाप सगळ्यांसमोर 'माई चूक' म्हणून ओरडतो, कोणत्या मुलीला आवडेल?

माझं काम त्यांना समजावायला मला महिनाभर लागला. कंटेनरला ते डबाच म्हणायचे, आणि माझ्या तोंडून आमच्या ऑफिसातही तोच शब्द रुळला. वीस फुटी डबा एक धरायचा आणि चाळीस फुटी डबा दोन धरायचे, हे मी सांगितलं तेव्हा ते भाकर तोडता तोडता थांबले.

"एकच डबा हाय ना?"

"हो."

"मंग दोन कायले?"

"बाबा, जागा दोनाची घेते ना थो."

"बशीत मी आडवा झालो त दोन तिकिटं काढू काय?" आणि मग, थोड्या वेळानं, जरा गंभीर होऊन, "पाह्यल्याबिगर मोजून राहिली तू. मले काई हे पटत नाई. माणसानं काटा पाह्यला पायजे."

त्याहून मोठी भानगड वजनाची होती. बाजारात मालाचं वजन करताना बारदाना वजा करतात. पोत्याचं, बोजाच्या कापडाचं वजन काढून टाकायचं, उरला तो माल. बंदराचा नियम उलटा. तिथं डब्यासकट वजन धरतात, कारण क्रेनला, जहाजाला आणि धक्क्याला डबाही उचलावाच लागतो. अगदी रिकामा डबासुद्धा वजनाचा मानतात. पहिल्याच महिन्यात मी हा नियम मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवला, 'डब्यासकट!', आणि माझ्या सहकाऱ्याला दहा वेळा बजावलं. हा सहकारी अंजनगाव सुर्जीचा. घरचे विड्याच्या पानांचे मळे सोडून कॉम्प्युटर शिकलेला, हुशार आणि तोंडाळ. "ताई," तो म्हणायचा, "हे तुमी मले सांगून राहिल्या का सोताले?"

पहिलं पत्रक गेलं, निर्दोष. दुसरं गेलं, निर्दोष. तिसऱ्यात मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. बहुतेक याद्या कॉम्प्युटर आपोआप वाचतो, पण काही जुन्या पद्धतीच्या, स्कॅन केलेल्या येतात आणि त्या हातानं भराव्या लागतात. त्या महिन्यात लोखंड, रसायनं, कांदा, फरशी असं कायकाय मी हातानं भरलं. पत्रक गेलं, साहेबांची सही झाली आणि त्यांचा स्वतःहून फोन आला. "उत्तम. कापसाचा आकडा उतरलेला दिसतो, हंगाम संपत आला वाटतं तुमच्याकडे." मी म्हटलं, हो, संपलाच. ते म्हणाले, "मग पुढच्या आठवड्यात करारावर सही करू." मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना रसवंतीतून उसाचा रस मागवला. शेजारणीलाही एक ग्लास नेऊन दिला.

त्यानंतरच्या रविवारी मी अकोटला गेले. ऊन असं होतं की पूर्णेच्या पुलावरून बस जाताना खिडकीचा गज हाताला चटका देत होता. घरी पोचले तर बाबा अंगणातल्या निंबाखाली तराजू टांगून बसलेले. माझ्यासाठी गहू दळायला न्यायचा होता. गिरणीवाला तोलूनच घेतो, तरी बाबा घरून तोलून नेतात, कारण गिरणीवाल्याच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी आधी रिकामा पत्र्याचा डबा तोलला. मग गव्हासकट तोलला. मला म्हणाले, "डबा वजा कर अन् सांग."

मी क्षणात वजा केलं आणि आकडा सांगितला. सांगताना विचारसुद्धा करावा लागला नाही. आणि तिथंच मला कापसाच्या याद्या आठवल्या.

लॅपटॉप पिशवीत होताच. ओसरीवर बसून मी कापसाच्या स्कॅन केलेल्या याद्या उघडल्या; कापसाच्या अशा याद्या त्या महिन्यातच पहिल्यांदा आल्या होत्या. त्यांत वजनाचे दोन रकाने होते, एक नुसत्या मालाचा आणि एक डब्यासकट. लोखंडाला मी डब्यासकट घेतलं होतं. रसायनाला डब्यासकट. कांद्याला, फरशीला, सगळ्याला डब्यासकट. आणि कापसाला, फक्त कापसाला, पानामागून पान, नुसत्या मालाचं. कापूस म्हटल्यावर हात आपोआप बारदाना वजा केलेल्या आकड्याकडे गेला होता. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. त्यासाठी अकोटच्या मापाऱ्याची मुलगीच पाहिजे होती. कापूस उतरलाच नव्हता. मीच त्याचे डबे काढून ठेवले होते.

बाबांना सगळं सांगितलं. चूक कशी झाली, कुणालाच कळलेली नाही, साहेबांची सही झालेली आहे, पत्रक दिल्लीला गेलेलं आहे, पुढच्या आठवड्यात करार आहे. मला वाटलं, आता ते हात वर करतील. लहानपणी ज्याची लाज वाटायची, तेच मला त्या क्षणी हवं होतं. त्यांनी एकदा ओरडून सांगितलं असतं की फोन कर, तर मला सोपं गेलं असतं.

बाबा गव्हातला खडा शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "राहू दे."

"काय राहू दे?"

"कोणाले समजते तिथं? सायबाले समजलं नाई. हंगाम सरला म्हनते ना थो? मंग सरला."

"बाबा!"

"अवं, पुढच्या महिन्यापासून बरोबर भर ना. कोणाचं काय गेलं?" मग त्यांचा आवाज खाली आला. "काम तिकडे गेलं त तू बी तिकडे जाशीन. मंग रविवारी मी कोनाची वाट पाहू?"

मला त्यांची दया यायला हवी होती. मला आला राग. डोक्यात तिडीक गेली माझ्या. ज्या माणसामुळे मी आकड्याला घाबरत नाही, तोच माणूस मला आकडा लपवायला सांगत होता, आणि तोही माझ्याचसाठी. मी म्हटलं, "जिंदगीभर साऱ्या आवारात फेर काटा ओरडले तुमी. कास्तकाराचं किलोभर चुकलं त बोजे उचलाले लावले हमालाईले. अन् मले लपवाले सांगता?"

त्यांनी गव्हाचा डबा उचलून आत ठेवला. मी जेवले नाही. दुपारच्याच गाडीनं निघाले, त्यांना नीट 'येते' असंही म्हटलं नाही. बसमध्ये मला रडू आलं, आणि रडू आल्याचा वेगळा राग आला.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर मी सहकाऱ्याला सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला आणि छताकडे बघत म्हणाला, "ताई, तुमाले कोणी इचारलं व्हतं काय? आपण होऊन काहून सांगता? जातो मंग मी पानमळ्यात, वेल बांधाले." पण हे बोलता बोलताच त्यानं कापसाच्या याद्या उघडल्या आणि डब्यासकट वजनं पुन्हा भरायला घेतली. तासाभरात आमचा सुधारलेला आकडा तयार होता. तो भिंतीवरच्या 'डब्यासकट!' या कागदाकडे बघून एकदा खो खो हसला. मला तो कागद फाडावासा वाटला.

साहेबांना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. बारदाना म्हणजे काय तेही सांगावं लागलं.

"कुणी पकडलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. माझी चूक, मीच सांगतेय."

"माझी सही आहे त्यावर, बाई. वरून परत मागवायला लागणार. चार लोक मला विचारणार."

"हो."

"तासाभरानं फोन करतो," म्हणाले आणि ठेवला.

तो तास मी कूलरमध्ये पाणी भरण्यात घालवला. भरलेल्या कूलरमध्ये दोनदा भरलं, खाली ढेपवाल्याच्या पायरीवर गळायला लागलं आणि तो ओरडला. मग फोन वाजला. साहेबांचा आवाज होता तसाच खणखणीत होता. "तिसरा महिना रद्द. तो मोजायचा नाही. पुन्हा एक महिना द्या, आणि तो स्वच्छ पाहिजे. ही चूक कशी झाली ते अर्ध्या पानात लिहून पाठवा, माझ्या माणसांना वाचायला देतो. इतक्या वर्षांत त्यांच्यातल्या एकानंही आपली दुरुस्ती आपण पाठवलेली नाही."

"चुकत नसतील," मी म्हटलं.

"गप्प बसा," ते म्हणाले, आणि मला वाटतं, ते हसत होते.

एक महिना मिळाला होता आणि मला एक महिना पुरेसा होता. मी सहकाऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "म्हंजे पानमळा राहिला." मी अर्धं पान लिहायला बसले.

बारा वाजत आले असतील. जिन्यावर चपलांचा आवाज झाला, एक एक पायरी, मध्ये थांबत. दारात बाबा उभे. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, कपाळावर घाम, हातात तोच पत्र्याचा डबा. माझं ऑफिस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पत्ता विचारत विचारत, स्टँडवरून चालत आले होते, कारण ऑटोवाल्यानं जास्त सांगितले म्हणे. मी उठले, सहकाऱ्यानं पटकन खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

डबा त्यांनी टेबलावर ठेवला. "दळण," म्हणाले. "काल तू इसरली."

मग त्यांनी खोलीभर पाहिलं. पाच कॉम्प्युटर, चार अनोळखी पोरं-पोरी, भिंतीवरचा कागद. त्यांनी दोन्ही हात वर केले, आवारात करायचे तसे. आता हात पूर्वीसारखे सरळ होत नाहीत, कोपरात वाकलेलेच राहतात. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "फेर काटा. काल मी पोरीले चूक सांगितलं. माई चूक. लाव सायबाले फोन, सांग खरं काय थे."

कुणी हसलं नाही. 

"अन् तिकडे जा लागलं त जा," ते पुढे म्हणाले, आता नुसतं माझ्याकडे बघून. "रविवारी मी येत जाईन तिकडे. गाडीत बसता येते मले. समुद्र बी पायन एकडाव."

अकोट सोडून हा माणूस कधी अमरावतीच्या पलीकडे गेलेला नाही. फोन सकाळीच झाला आहे, कुठं जायचं नाही, महिना मिळाला आहे, हे सगळं मला सांगायचं होतं. पण त्यांचे हात अजून वरच होते. लहानपणी हमाल आणि अडत्यांच्या त्या गर्दीत मी बोजांवर बसून जे ऐकलं होतं, ते उत्तर आल्याशिवाय ते खाली येणार नव्हते.

"मांडलं," मी म्हटलं.

बाबांनी हात खाली घेतले आणि खुर्चीवर बसले. मग त्यांनी पाणी मागितलं.